किलोमीटरमागे सहा सेकंद

गेल्या वर्षापर्यंत माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे. हजेरीला मी 'हजर' म्हणायचे आणि बाई मला गैरहजर लावायच्या. आता मी आमच्या फलटणच्या कॅनॉलपट्टीवरून हाक दिली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. एकदा मोजले होते, सतरा उडाले. हे कसं झालं ते सांगायचं तर २०४६ च्या हिवाळ्यापासून सुरुवात करावी लागेल. आता मी दहावीत आहे, घरात सगळे माझ्याकडे बोर्डाच्या नजरेनं बघतात, आणि पुस्तक उघडलं की मला हमखास तो हिवाळा आठवतो. कॅनॉलला आवर्तन सुटलेलं, पाण्यावर वाफ, साखर कारखान्याच्या मळीचा तो गोडसर घाण वास, पुढे आत्या पळतेय आणि मागे मी सायकलवर.

धनश्रीआत्या म्हणजे माझ्या बाबाची धाकटी बहीण. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते आणि दूध संघाच्या प्रयोगशाळेत फॅट तपासते. वय चाळीस. विशीत ती मॅरेथॉन पळायची, हे मला फक्त ऐकून माहीत होतं, कारण घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. जानेवारी २०२७ मध्ये तिनं दख्खन मॅरेथॉनची पात्रता शर्यत पळली होती. दख्खनमध्ये कुणीही उठून पळू शकत नाही. आधी एखाद्या मान्य शर्यतीत बेचाळीस किलोमीटर ठरलेल्या वेळेत पळून दाखवावे लागतात. बायकांसाठी ती वेळ होती तीन तास वीस मिनिटं. आत्याला लागले तीन तास एकवीस मिनिटं आठ सेकंद. अडुसष्ट सेकंदांनी हुकलं, आणि त्यानंतर आत्या बस पकडायलासुद्धा कधी पळाली नाही.

मग आली उजळणी.

औषधाचं खरं नाव मोठं आहे, पण सगळे उजळणीच म्हणतात. त्यामागचं शास्त्र मला एवढं आवडतं, की वर्गात मी ते फळ्यावर काढून समजावलंय. मी, फळ्यावर. असो. आपल्या स्नायूचा एकेक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. इतर पेशींत एक केंद्रक असतं, हिच्यात शेकडो असतात. आपण रोज पळायला लागलो की आजूबाजूच्या राखीव पेशी आपली केंद्रकं तंतूला देऊन टाकतात, म्हणजे तंतू जाड करायला जास्त मुकादम येतात. पळणं सोडलं की तंतू पुन्हा बारीक होतो, पण मुकादम जात नाहीत. ते तिथेच झोपून राहतात, वर्षानुवर्षं. उजळणीची सहा इंजेक्शनं मांडीत आणि पोटरीत घेतली की ते सगळे एकदम जागे होतात. पुढचे बारा आठवडे नीट सराव केला तर पाय जवळपास पूर्वीसारखे होतात.

पण हे एकदाच. जागं झालेलं केंद्रक बारा आठवड्यांत स्वतःला जाळून संपवतं. त्यानंतर तुमचे पाय आयुष्यात कधीच न पळालेल्या माणसाचे.

आणि फक्त स्नायूच मागे जातात. आमच्या गल्लीतल्या पंचावन्न वर्षांच्या गोरे काकांनी उजळणी घेऊन कबड्डीचा सामना मारला आणि चौथ्या दिवशी टाचेची शीर तोडून घेतली. पुण्याच्या डॉ. नफीसा मुजावरांनी आत्याला आधीच बजावलं होतं, "मांड्या विशीतल्या होतील, ताई. शिरा चाळीसच्याच राहणार. त्यांना सांभाळून पळा."

आत्यानं ऑक्टोबरात इंजेक्शनं घेतली आणि घरी येऊन जेवताना सांगितलं. बाबाचा घास हातातच राहिला.

"धने, कशाला गं आता?"

"पात्रता काढायला. वेळ अजून तीच आहे, तीन वीस. अकलूजला बारा जानेवारीला शर्यत आहे."

"वीस वर्षं झाली त्याला."

"म्हणूनच," आत्या म्हणाली आणि ताक मागितलं.

पात्रता शर्यतीत अंगावर कुठलंही यंत्र चालत नाही. मधल्या काळात कानातली यंत्रं रक्तातली साखर बघून माणसाला हळू हो, वेग वाढव असं सांगायला लागली होती, आणि शेवटी शर्यत माणसं पळतात की यंत्रं असा वाद झाला. म्हणून नियम आला. सोबत सायकलवर एक माणूस चालेल, त्याच्याकडे काट्याचं स्टॉपवॉच, आणि त्यानं तोंडानं वेळ सांगायची. आत्यानं त्या माणसासाठी मला निवडलं.

"मला? अगं, माझा आवाज..."

"म्हणूनच," ती पुन्हा म्हणाली. तिला हा शब्द फार आवडतो.

पहिल्या दिवशी पंपहाऊसपाशी मी वेळ सांगितली ती तिला ऐकूच गेली नाही. ती तशीच पुढे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती न थांबता म्हणाली, "कृत्तिका, तू माझ्या कानात सांगतेयस की स्वतःच्या?" मला इतका राग आला की पुढच्या दगडाला मी जीव खाऊन ओरडले, "सहा एकोणतीस." तेव्हा पहिल्यांदा बगळे उडाले.

कॅनॉलला दर किलोमीटरला दगड आहे. आमच्याकडे दगडाचा नंबर कुणी सांगत नाही, जागेचं नाव सांगतात. पंपहाऊस, जोड बाभळी, शिंद्यांची विहीर, मोरी. ही पद्धत बाबा आणि आत्याची. वीस वर्षांपूर्वी सायकलवर बाबा असायचा. आत्याच्या हातात घड्याळ असलं की ती दर दहा पावलांनी बघायची, म्हणून बाबानं ते काढून घेतलं होतं आणि तोच ओरडून वेळ सांगायचा. सगळ्या वेळा त्यानं एका निळ्या वहीत लिहिल्या होत्या. आत्यानं ती ट्रंकेतून काढून मला दिली. पानांवर चिखलाचे ठिपके आणि बाबाचं तिरकं अक्षर. 'शिंद्यांची विहीर, ४:४०. धनी वाऱ्यावर.'

पळणं संपलं की आम्ही मोरीच्या कठड्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायचो आणि आत्या त्या काळात जायची. तेव्हा या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर डिझेलवर धूर सोडत जायचे आणि त्यांच्यावर कर्णे लावून गाणी. तेव्हा फोन काचेचा होता आणि पडला की फुटायचा. बाबा तेवीस वर्षांचा होता आणि सायकलवरून एका हातानं केळं खात वेळ सांगायचा. "तुझा बाबा बारीक होता, हं. आता बघतेस ना, तसा नव्हता," ती म्हणायची. सांगताना तिचे डोळे समोरच्या पाण्यावर असायचे. मग एकदम म्हणायची, "पाय होते गं तेव्हा. शर्यतीच्या दिवशी माझं मनच कच्चं निघालं."

हे ती इतक्या सहज म्हणायची, जसं कुणी आपली उंची सांगावी.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वारा अंगावर होता आणि आत्याचा चेहरा पडला होता. घड्याळात पाच एकतीस होते. माझ्या तोंडून पाच अठ्ठावीस निघाले. आत्या हसली, खांदे सैल सुटले, पुढचा किलोमीटर खरंच चांगला गेला. मला वाटलं, व्वा, आपण तर प्रशिक्षक आहोत. त्या दिवसापासून मी दर दगडाला तीन सेकंद कमी सांगायला लागले. कधी चार.

आठव्या आठवड्यात डॉ. मुजावरांकडची दुसरी तपासणी झाली. अहवाल माझ्या नंबरवर आला, कारण अर्ज मी भरला होता. त्यात एक रकाना होता, 'पूर्वीची कमाल क्षमता'. लग्न उरकल्यावर मंडपातल्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या तरी किती पाहुणे बोलावले होते ते कळतं ना, तसं केंद्रकं मोजून तो स्नायू त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसांत किती पळू शकत होता ते सांगतात. तिथे लिहिलं होतं, तीन तास एकवीस मिनिटं, एखादं मिनिट इकडेतिकडे.

मी निळी वही काढली. वहीतले सगळे लांब सराव चार चाळीसच्या गतीचे. त्या गतीनं बेचाळीस किलोमीटर तीन तास सतरा मिनिटांत होतात. मी तीनदा गुणाकार केला. चौथ्यांदा मला माझे तीन सेकंद आठवले आणि मी वही दप्तरात टाकली. शाळेतून मी घरी न जाता थेट बाबाच्या वर्कशॉपला गेले.

बाबा सोलर पंप दुरुस्त करतो. तो एका पंपाचं पोट उघडून बसला होता. मी वही त्याच्यासमोर धरली.

"बाबा, हे चार चाळीस खरे आहेत?"

त्यानं वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुसायला त्यानं उगाच बराच वेळ घेतला.

"चार शेहेचाळीस होते," तो म्हणाला. "सगळे नाहीत. बहुतेक."

"सगळीकडे सहा सेकंद?"

"चार चाळीस ऐकलं की ती उडायची गं. शेहेचाळीस म्हटलं की पाय ओढायची. मला वाटलं, शर्यतीच्या दिवशी इतकी माणसं, इतका जोर, सहा सेकंद सहज निघतील. निघाले नाहीत. रस्त्यावरच्या घड्याळांवर शेहेचाळीस दिसायला लागले आणि तिला वाटलं, आपण ढेपाळलो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"शर्यत झाल्यावर सांगणार होतो. ती आली आणि म्हणाली, दादा, मीच कच्ची निघाले. त्यावर काय सांगू? म्हटलं, महिनाभरात पुन्हा पळायला लागली की सांगू. ती लागलीच नाही. मग ते इतकं जुनं झालं..." त्यानं पंपात हात घातला. "कृतू, आता शर्यत होऊ दे. झाल्यावर मी सांगतो. नक्की."

शर्यत झाल्यावर सांगायचं ठरवण्याची त्याची ही दुसरी वेळ होती.

माझी काय अवस्था झाली असेल बघा. सांगितलं तर आत्याला कळणार की तिच्या पायांत तीन वीस जेमतेम आहे, कदाचित नाहीच, आणि पाय तर आता जळायला लागलेत, परत मिळणार नाहीत. नाही सांगितलं तर ती अकलूजच्या रस्त्यावर पुन्हा खरं घड्याळ बघणार आणि पुन्हा स्वतःलाच कच्ची म्हणणार. या वेळी त्यात माझेही तीन सेकंद असणार.

दुसऱ्या दिवशी मोरीवर चहा ओतून झाल्यावर मी म्हटलं, "आत्या, दोन गोष्टी सांगायच्यात. एक माझी, एक बाबाची."

"आधी तुझी. तू लहान, तुझी छोटी असेल."

"मी दर किलोमीटरला तीन सेकंद कमी सांगते."

आत्यानं कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"म्हणजे कालचे चार शेहेचाळीस..."

"चार एकोणपन्नास होते."

"आमच्या लॅबमध्ये असतीस तर त्याच दिवशी घरी बसवली असती." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आणि बाबाची?"

"बाबाची सहा."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं मोरीच्या कठड्यावरच्या धुळीत बोटानं आकडे लिहिले. चार चाळीस अधिक सहा, गुणिले बेचाळीस आणि वरचं थोडं. तिचं गणित चांगलं आहे. उत्तर लिहून ती बघत राहिली. तीन, एकवीस, आठ.

"ही माझी शर्यतीतली वेळ आहे."

"हो."

"म्हणजे त्या दिवशी मी रोजच्यासारखीच पळाले."

"बेचाळीस किलोमीटर, आत्या. एक सेकंदही न सोडता. अहवालात पण तेच आहे, त्याहून जास्त तुझ्या पायांत नव्हतंच."

आत्यानं हात धुळीवर तसाच ठेवला. मला वाटलं ती रडेल. ती उठली आणि चालायला लागली, पळायच्या बुटांवर, घामेजलेल्या टी-शर्टवर, थेट वर्कशॉपकडे. मी सायकल ढकलत मागे.

बाबा शटर उघडत होता. आत्या त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"दादा, सहाच का? पाच का नाही?"

तो वळला नाही. "पाचानं तू हसायची नाहीस."

"मी पळणं सोडलं रे."

"माहितेय."

"वीस वर्षं समोर बसून पोहे खाल्लेस."

"धने..."

"मी स्वतःला जेवढं बोलले ना, त्यातलं निम्मं आजपासून तुला." एवढं म्हणून ती निघाली. दारात थांबून मला म्हणाली, "उद्या साडेपाचला. आणि खरं सांगायचं. रडू आलं तरी खरं."

पुढचे तीन आठवडे ती बाबाशी बोलली नाही. "कृत्तिका, तुझ्या बाबाला सांग, माझा डबा वर पाठव." बाबा समोरच असायचा. "कृत्तिका, तुझ्या आत्याला सांग, डबा धुतलाय." मी मधे उभी राहून दोन्हीकडे निरोप द्यायचे, आणि खरं सांगू, त्या घरातल्या शांततेत माझाच आवाज सगळ्यात मोठा होता. कॅनॉलवर मी खरे आकडे ओरडत होते. चार एक्कावन्न. चार पन्नास. चार अठ्ठेचाळीस. आत्या हसत नव्हती, पण ऐकत होती. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "आता पायांना आणि कानांना एकच गोष्ट कळते. तेव्हा दोघांचं भांडण असायचं."

अकलूजला सकाळी सहाला थंडी अशी की स्टॉपवॉच बोटांना चिकटत होतं. बाबानं आम्हाला गाडीतून आणलं आणि गाडीतच बसून राहिला.

एकवीस किलोमीटरपर्यंत सगळं सुरेख. तिसाव्याला आम्ही बारा सेकंदांनी पुढे होतो, आणि मी दख्खनच्या शर्यतीत कुठला स्वेटर घालायचा ते ठरवत होते. मग आत्याचं डावं पाऊल थोडं जड पडायला लागलं. टाचेची शीर. एकतिसावा चार एकोणपन्नास. बत्तिसावा चार पन्नास. तेहतिसाव्याच्या पाटीशी मी घड्याळ दाबलं. चार एक्कावन्न.

मला आजही तो क्षण जिभेवर आठवतो. चार पंचेचाळीस तिथे तयारच होतं. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठांवर मीठ आलं होतं. एक खोटा आकडा, आणि ती कदाचित हसली असती.

"चार एक्कावन्न," मी ओरडले.

"पुन्हा सांग."

"चार एक्कावन्न. आपण मागे पडतोय, आत्या."

"किती?"

"पस्तिसाव्यापर्यंत पंधरा-सोळा सेकंद मागे असू."

ती दोनतीनशे मीटर तशीच गेली. मग तिनं पावलं आखूड केली, चवड्यावरचा भार कमी करून पूर्ण पाऊल टेकवलं, आणि छत्तिसाव्याला मी ओरडले, "चार पंचेचाळीस." सदतिसाव्याला चार शेहेचाळीस. अडतिसाव्याला चार चव्वेचाळीस. वीस वर्षांपूर्वी ती रस्त्यावरची घड्याळं बघून मनातून खचली होती. आता तिच्याकडे पायांत काही शिल्लक नव्हतं, फक्त हिशेब होता, आणि ती तो शेवटच्या पैपर्यंत वापरत होती. माझा घसा फाटला होता. एका काठीवाल्या आजोबांनी मला बघून कानावर हात ठेवला.

शेवटच्या वळणावर बाबा उभा होता. गाडीतून उतरून आला होता, हातात स्वतःचं घड्याळ. आत्या रेषा ओलांडून चार पावलं गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. माझ्या हातातलं घड्याळ मी बघितलं होतं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"दादा," ती म्हणाली. तीन आठवड्यांतला पहिला शब्द. "तू सांग. किती?"

बाबानं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन तास वीस मिनिटं चोवीस सेकंद."

"खरे?"

"खरे."

चोवीस सेकंद. एवढ्या वेळात मी बुटाची नाडीसुद्धा बांधू शकत नाही. पात्रता गेली, आणि ते पायही गेले. मी रडायला लागले, आणि इतक्या मोठ्यानं, की आत्याच मला म्हणाली, "हळू गं, लोक बघतायत." मग ती जमिनीवर बसली, बूट काढला, टाच दाबत बाबाला म्हणाली, "विशीतल्या त्या पोरीपेक्षा चव्वेचाळीस सेकंद कमी. तिच्याच पायांनी." बाबा तिच्याशेजारी बसला. ती म्हणाली, "केळं आहे का?" त्याच्याकडे होतं.

फेब्रुवारीत तिचे पाय उतरले. डॉ. मुजावरांच्या पडद्यावर तिच्या मांडीतले तंतू दिसले, स्वच्छ, रिकामे. "राखीव पेशी आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पुन्हा केंद्रकं देतील, पण हळूहळू, या वयाच्या हिशेबानं. पहिलीपासून सुरुवात म्हणा." आत्यानं विचारलं, पन्नाशीवरच्या बायकांना दख्खनची पात्रता किती? चार तास. "दहा वर्षं आहेत मग," ती म्हणाली आणि तिथेच बुटांची नाडी घट्ट केली.

आता रविवारी आम्ही दोघी पळतो. मी अजून सात किलोमीटरच्या वर गेलेली नाही आणि तरीही तिच्या पुढे असते, हे तिला अजिबात आवडत नाही. सायकलवर बाबा. तो आता अर्धं अंतर आमच्याबरोबर आणि अर्धं दम खात येतो. परवा शिंद्यांच्या विहिरीपाशी त्यानं घड्याळ दाबलं आणि क्षणभर थांबला. मला ते थांबणं ओळखता येतं.

"आठ तीन," तो म्हणाला.

आत्या न थांबता म्हणाली, "दाखव."

त्यानं सायकल तिच्या बरोबरीला आणली आणि घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. तिनं पाहिलं, मान हलवली, आणि वेग वाढवला.